मूठमातीचं तात्पर्य

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला तात्पर्याशिवाय गोष्ट संपली असं वाटतच नाही. कोल्हा असो, करकोचा असो, कुणी कुणाला खाल्लं किंवा सोडलं की खाली जाड अक्षरात तात्पर्य हवंच. मी चिखलीतल्या एका शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं आणि मुलांकडून पोत्याने तात्पर्यं लिहून घेतली. त्यामुळे या रोगाबद्दल बोलायचा मला अधिकार आहे.

मूल्यशिक्षणाचा तासही मराठीच्या बाईंच्याच गळ्यात पडतो. गणिताच्या सरांना कुणी म्हणत नाही की मुलांना जरा खरं बोलायला शिकवा. चार-पाच वर्षांपूर्वी शहरातल्या शाळांसाठी मूल्यशिक्षणाची एकांकिका स्पर्धा निघाली, तेव्हा तीही अर्थातच माझ्याकडे आली. चाकणच्या एका कंपनीने बक्षिसं ठेवली होती. अट अशी की प्रत्येक नाटकातून एक मूल्य पोहोचलं पाहिजे आणि शेवटी ते एका वाक्यात, तात्पर्य म्हणून, माइकवरून सांगितलं पाहिजे. एकच मूल्य. दोन मूल्यं एकमेकांच्या उरावर बसली तर काय करायचं, याचा विचार पत्रक काढणाऱ्यांनी केलेला नव्हता.

आमची नाटकं ठरलेली असायची. झाडं लावा, मोबाइल सोडा, आणि दारुडा बाप, जो शेवटच्या प्रवेशात हमखास सुधारतो. मला त्या सुधारणाऱ्या बापाचा वीट आला होता. एम.ए.ला असताना आमच्या सरांनी ग्रीकांच्या एका जुन्या शोकनाट्याची गोष्ट सांगितली होती, ती डोक्यातून गेली नव्हती. तीच मी माझ्या शब्दांत अर्ध्या तासाची करून लिहून काढली.

गोष्ट साधी आहे. दोन भाऊ. एक गावासाठी लढतो, दुसरा गावावर चालून येतो आणि दोघंही एकमेकांच्या हातून मरतात. राजा हुकूम काढतो की पहिल्याला मानाने मूठमाती द्या, दुसऱ्याचं प्रेत उघड्यावर पडू द्या आणि त्याच्यावर जो माती टाकेल त्याला मरण. त्यांची बहीण उठते, जाते आणि माती टाकते. यातला राजा दुष्ट नाही. गाव नुकतंच वाचलंय, गद्दाराला आणि रखवालदाराला एकच मान दिला तर उद्या रखवाली कोण करणार, असं त्याचं म्हणणं आहे आणि ते खोटं नाही. बहिणीचंही खोटं नाही. दोघंही बरोबर असतात आणि दोघंही आपापल्या जागचे हलत नाहीत, म्हणून सगळ्यांचं वाटोळं होतं. शेवटी राजाला कळतं. तो धावत सुटतो, पण तोवर बहिणीने स्वतःला संपवलेलं असतं, तिच्यावर जीव असलेला राजाचा मुलगा तसाच गेलेला असतो आणि मुलापाठोपाठ राणीही. राजा एकटा उरतो आणि सगळ्यांसमोर रडतो.

नववीच्या वर्गाला ही गोष्ट बहीण माती टाकते तिथपर्यंतच सांगितली, तेव्हा मुलांची पहिली शंका होती की प्रेत जाळत का नाहीत. मी म्हटलं, त्यांच्याकडे पुरतात. त्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली की आमच्यात जाळतात, पण म्हणतात मातीच. खरंच होतं. चितेवर जाळलेल्या माणसालाही आपण "मातीला जाऊन आलो" म्हणतो. इतकी वर्षं हा शब्द कानावर पडत होता आणि मला कधी सुचलं नव्हतं. बहिणीचं काम मी तिलाच दिलं.

ती अभ्यासात बरी होती, बोलायला कमी. आईवडील बीडकडून आलेले, वडील चिखलीतच एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर. तिचा थोरला भाऊ आमच्याच शाळेतला, आणि त्याला सगळी शाळा ओळखत होती ती चांगल्या कारणासाठी नव्हे. नववीतच शाळा सोडून तो कोयते नाचवत फिरणाऱ्या पोरांत सामील झाला. एका रात्रीत रस्त्यावरच्या ओळीने लावलेल्या गाड्यांच्या काचा या टोळक्याने फोडल्या, त्यात आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची गाडीही होती. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पुढे याच पोराने आमच्या नववीतल्या एका मुलाच्या दंडावर, काही कारण नसताना, वार केला. तो मुलगा वाचला, पण दंडावर जाड वण राहिला. नाटकात तो पहारेकरी झाला होता. बहिणीला पकडून राजापुढे नेणं हे त्याचं काम.

तुम्ही म्हणाल, एकाच नाटकात या दोघांना घ्यायचं कारण काय. कारण एवढंच की दोघांनीही हात वर केला होता, आणि ती दोघं तालमीत एकमेकांशी नीट वागत होती. मोठ्या माणसांपेक्षा बरीच नीट.

मुख्याध्यापकांनी संहिता वाचली आणि मला बोलावून घेतलं. सर माणूस म्हणून वाईट नव्हते. शाळेत फळा नसला तर स्वतःच्या खिशातून आणतील, पण वरच्याचा चेहरा पडला की यांचा श्वास अडकायचा. त्यांना शेवट पसंत नव्हता. आत्महत्या वगैरे मुलांच्या नाटकात नको, हे मला पटलं आणि मी तो भाग काढला. पण त्यांना राजाचं रडणंही नको होतं. अध्यक्ष पहिल्या रांगेत बसणार, आणि स्टेजवर सत्तेवरचा माणूस चुकलो म्हणून रडणार, हे बरं दिसत नाही, असं ते म्हणाले. मी म्हटलं, सर, तेच तर नाटक आहे. त्यांनी लाल पेनने शेवटचा प्रवेश आडवा कापला, बहिणीला पहारेकरी घेऊन जातात तिथे नाटक संपवलं आणि खाली स्वतःच्या सुंदर अक्षरात तात्पर्य लिहिलं. नियम सर्वांसाठी समान असतात. मी भांडले. ऐकेल कोण? मुलांना मी त्यांच्या त्यांच्या प्रवेशांच्या झेरॉक्स वाटल्या, त्यामुळे कापलेला शेवट कुणाच्या हातातच गेला नाही.

तालमी चालू असताना तो भाऊ मेला. पोलिस मागे लागले म्हणून दुचाकीवरून सुटला आणि स्पाइन रोडला डंपरखाली गेला. सोशल मीडियावर लोकांनी बरं झालं, घाण गेली, असं लिहिलं. त्याच्या मित्रांनी चौकात फ्लेक्स लावला, भावपूर्ण श्रद्धांजली, गॉगल घातलेला फोटो, खाली "भाऊ" म्हणवणाऱ्या दहा-बारा पोरांचे चेहरे. महापालिकेच्या माणसांनी तो दुसऱ्याच दिवशी उतरवला. मला तो फ्लेक्सही शिसारी आणणारा वाटला आणि त्या कमेंटही.

दहावा उरकून मुलगी शाळेत आली आणि सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. मी तिथेच होते. तिने विचारलं की परिपाठाला भावासाठी दोन मिनिटं उभं राहता येईल का.

आमच्या शाळेत ही पद्धतच होती. माजी विद्यार्थी गेला, शिक्षकाचे वडील गेले, संस्थेतलं कुणी गेलं की परिपाठाला सगळी शाळा दोन मिनिटं स्तब्ध. एवढंच कशाला, अध्यक्षांचा शर्यतीचा बैल गेला तेव्हाही आम्ही उभे राहिलो होतो. बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात पहिला येणारा बैल, त्याचा पंचक्रोशीत फ्लेक्स, आणि पाचवी ते दहावीची पोरं मैदानावर मान खाली घालून. हसू आवरताना माझ्या पोटात दुखायला लागलं होतं.

सरांनी मुलीला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि नाही म्हणाले. गुन्हेगारीचं उदात्तीकरण शाळेत करता येणार नाही, हा त्यांचा शब्द. हा शब्द तेव्हा नवा नवा आला होता, प्रत्येक परिपत्रकात असायचा. ज्या मुलाच्या दंडावर वण आहे तो त्याच मैदानावर उभा असतो, त्याच्या आईवडिलांना मी काय सांगू, असंही ते म्हणाले. हे चुकीचं नव्हतं. मला आजही ते चुकीचं वाटत नाही. पण समोर बसलेल्या मुलीने उदात्तीकरण मागितलं नव्हतं. तो चांगला होता असं म्हणा, असं ती म्हणाली नव्हती. तो मेला एवढंच शाळेने म्हणावं, इतकीच तिची मागणी होती. या दोन गोष्टींतला फरक ज्याला कळत नाही त्याने मूल्यशिक्षणाची धोरणं लिहू नयेत, असं मी त्यांना तिथेच सांगितलं. ते म्हणाले, मॅडम, धोरण मी लिहिलेलं नाही. धोरण कुणीच लिहिलेलं नसतं, ते वरून आलेलं असतं, आणि वर विचारायला गेलं तर त्याच्याही वरून आलेलं असतं.

मग ती स्टेजवर भावाबद्दल काही बोलेल या धास्तीने सरांनी तिला नाटकातून काढायचं ठरवलं. दुसरी मुलगी घेतली, तिला चार वाक्यांपुढे पाठ होईना. स्पर्धा तोंडावर आलेली. मी हटून बसले की ही नसेल तर नाटकच नाही, तुम्ही झाडं लावायला मोकळे. सरांनी मुलीला पुन्हा बोलावलं आणि माझ्यासमोर बजावलं.

"कागदावर आहेत तेवढेच शब्द. स्वतःचा एकही शब्द जास्त घालायचा नाही. कबूल?"

ती हो म्हणाली.

स्पर्धा चिंचवडच्या नाट्यगृहात होती, सकाळची. मूठमातीसाठी खरी माती हवी होती आणि ज्या गावाच्या नावातच चिखल आहे तिथे आम्हाला मूठभर माती मिळेना. जिथे तिथे काँक्रीट नाहीतर पेव्हर ब्लॉक. शेवटी शिपाईमावशींनी घरच्या तुळशीतली काढून आणली. पहिल्या रांगेत परीक्षक, कंपनीचे साहेब, आमचे अध्यक्ष पांढऱ्या टोपीत, शेजारी मुख्याध्यापक. मागे पालक. मुलीची आई एकटीच आली होती, अगदी शेवटच्या रांगेत, पदर डोक्यावरून घेऊन. पहारेकऱ्याचे आईवडीलही होते.

आपलं वाक्य म्हणून मुलीने माती टाकली. "हा माझा भाऊ आहे." कागदावर होतं तेवढंच. यानंतर पहारेकऱ्याने धावत येऊन तिचा हात धरायचा होता. तिने हात झटकले, अंगाशी सरळ सोडले, पाय जुळवले आणि मान खाली घातली.

विंगेत मी हातात संहिता घेऊन उभी होते. मला वाटलं, पुढचं विसरली. मी हलक्या आवाजात सूचना दिली, तिने ढुंकून पाहिलं नाही. पहारेकरी भाला घेऊन दोन पावलं आला आणि थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग भाला खाली टेकवला आणि तोही तसाच, मान खाली घालून, सरळ उभा राहिला.

आणि मग जे झालं ते आपल्याकडेच होऊ शकतं. स्टेजवर कुणी मान खाली घालून स्तब्ध उभं राहिलं, की मराठी माणसाचे गुडघे आपोआप सरळ होतात. लहानपणापासून ती सवय हाडात गेलेली असते. कुणासाठी हे नंतर विचारायचं, आधी उभं राहायचं. पहिल्यांदा अध्यक्ष उठले. आमच्या भागातली एकही दशक्रिया त्यांच्या भाषणाशिवाय होत नाही, त्यांच्याइतकी सवय कुणाला असणार? उठले आणि टोपी काढून हातात घेतली. अध्यक्ष उठले म्हणून साहेब उठले, साहेब उठले म्हणून परीक्षक. मुख्याध्यापकांना कळलं होतं. त्यांचा चेहरा मला विंगेतून स्पष्ट दिसत होता. पण अध्यक्ष उभे असताना ते बसणार कसे? तेही उठले. मागच्या खुर्च्या खडाखड वाजल्या आणि सगळं नाट्यगृह उभं राहिलं. शेवटच्या रांगेत ती आई तेवढी बसून होती. तिच्या घरचं माणूस गेलं होतं, तिला उभं राहायचं कारण नव्हतं.

शेवटी अध्यक्षांनीच, सवयीने, टोपी डोक्यावर ठेवत मोठ्याने सांगितलं, "बसा आता समद्यांनी." सगळे बसले. पहारेकऱ्याने पुढे होऊन मुलीचा हात धरला, अगदी हळू, आणि तिला आत आणलं. पडदा पडला आणि माइकवरून आमच्या शाळेचं तात्पर्य वाचलं गेलं. नियम सर्वांसाठी समान असतात.

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. प्रेक्षकांना सहभागी करून घेण्याच्या अभिनव कल्पनेबद्दल. मुख्याध्यापकांनी शाल आणि श्रीफळ घेतलं आणि चार शब्दही बोलले, शाळा नेहमीच नवे प्रयोग करते वगैरे. ग्रीकांचा राजा शेवटी रडतो. आमचा सत्कार घेतो.

बाहेर पायऱ्यांवर पहारेकऱ्याच्या वडिलांनी मला गाठलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. ते म्हणाले, मॅडम, ज्याने माझ्या पोराला कापलं, त्याच्यासाठी माझ्या पोराला तुम्ही उभं केलंत. मी केलं नाही, तो आपला आपण उभा राहिला, हे खरं होतं, पण ते मला त्या माणसाच्या तोंडावर बोलवेना. त्यांचं बरोबरच होतं. मी नाटकात लिहिलं होतं की दोघंही बरोबर असतात. लिहायला सोपं असतं.

अध्यक्षांना दोन दिवसांत कुणीतरी सांगितलं. मग निरोप आला की या मुलीने दहावीला दुसरी शाळा बघावी. लेखी काही नाही. शाळा कधीच कुणाला काढत नाही, फक्त दाखला घेऊन जायला सुचवते. मी अध्यक्षांच्या ऑफिसात गेले. त्यांनी चहा मागवला, मला ताई म्हणाले.

"ताई, मी म्हाताऱ्या माणसाला, ल्हान्याला, पोरासोराला, समद्यांला उभा राहतो. पन कुणासाठी उभा ऱ्हायलो ते मला ठाव असतंय. ह्या पोरीनं मला न सांगता उभं केलं."

मी म्हटलं, तुमच्या बैलासाठी आम्ही सगळे उभे राहिलो होतो.

"बैलानं कुणाच्या काचा फोडल्या न्हाईत," ते म्हणाले.

मी संस्थेच्या प्रत्येक माणसाकडे गेले. सगळ्यांनी मला बसवून घेतलं, ऐकून घेतलं, मान डोलावली आणि हात वर केले. त्या नाटकात गावातल्या म्हाताऱ्यांचा एक घोळका असतो. तो राजालाही म्हणतो तुझं खरं आहे, बहिणीलाही म्हणतो तुझं खरं आहे, आणि कुणालाच थांबवत नाही. आमची स्टाफरूम मला तेव्हापासून तशीच दिसायला लागली.

मुलीच्या वडिलांनी दाखला नेला. दहावीच्या तोंडावर कुठल्या शाळेत जागा मिळेना, शेवटी तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली. आमच्या शाळेत पुढच्या वर्षीपासून नवा नियम आला. संहितेत नसलेली शांतता कोणत्याही सादरीकरणात ठेवू नये. असं खरंच लिहिलेलं मी वाचलंय. तेव्हापासून आमच्या संमेलनात पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत ढोल वाजतो.

लोक मला विचारतात की असल्या परक्या, जुन्या, रडक्या नाटकांचा आपल्या मुलांना उपयोग काय. मुलांना नसेलही. ती नाटकं राज्य करणाऱ्यांना समोर बसवून केली जायची आणि शेवटपर्यंत बघायला लावली जायची. धोरण आखणाऱ्या माणसाला आपलं बरोबर असूनही आपल्या हातून काय होऊ शकतं हे एकदा तरी बसून बघायला लागावं, इतकाच त्यांचा उपयोग. आपण नेमका तोच प्रवेश कापतो आणि खाली तात्पर्य लिहितो.

गेल्या दिवाळीआधी मी चिंचवड स्टेशनच्या बाहेर संत तुकाराम नगरला यायला रिक्षा बघत होते. चाकणच्या कंपनीची बस थांबली, मुली उतरल्या, त्यातली एक वळून माझ्याकडे आली. करडा युनिफॉर्म, गळ्यात ओळखपत्र, केस घट्ट बांधलेले. मला ओळखायला वेळ लागला. वायरिंगच्या कंपनीत आहे, शिफ्ट बदलत असते, बारावी बाहेरूनच करतेय, असं तिने सांगितलं. आई बरी आहे. आई अजून त्या दिवसाचं बोलते, इतकी मोठी माणसं माझ्या लेकरासाठी उभी राहिली म्हणते. अध्यक्षांनी काय म्हटलं होतं ते मी तिला कधीच सांगितलेलं नाही.

तिची रिक्षा आली. एक पाय आत ठेवून ती थांबली.

"मॅडम, माझ्याकडं माझीच पानं होती. मला धरून नेतात, तितकीच. त्याच्यापुढं काय होतं? राजाला कळतं का?"

मागची रिक्षा हॉर्न देत होती.

"नाटकात कळतं," मी म्हटलं.